गंगूच्या जागी तोफ

आमच्या गल्लीत घड्याळ पाहायची गरज कुणाला पडत नसे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांचे भोंगे होते. सकाळच्या भोंग्याला अण्णा चहाची बशी खाली ठेवायचे, दुपारच्या भोंग्याला आई तव्यावर भाकरी टाकायची, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की गल्लीतली बाप्ये मंडळी काळ्या हातांनी, काळ्या कानशिलांनी घरी परतायची. माझे वडील, म्हणजे अण्णा, मात्र काळे होऊन येत नसत. त्यांच्या अंगावर लाकडाचा भुसा असे. ते एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात कोरायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि मग त्या साच्यात रस ओतायचा. यातलं पहिलं काम अण्णांचं. पुढच्या पडवीत त्यांचं घरचं बाकडं होतं, त्यावर पटाश्या, कानशी, पॉलिशपेपर. आमच्या घराला सागवानाचा आणि आईच्या कांदा-लसणाच्या चटणीचा असा मिळून एकच वास होता, आणि तो माझ्या दप्तरालासुद्धा यायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मला तो आवडायचा.

नळ गल्लीच्या तोंडाला, तोही सकाळी घटकाभरच येणारा. आई डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन खेपा घालायची. पाणी भरून झालं की उंबऱ्यावर टेकायची, आणि तिच्या मानेची शीर तटतटलेली दिसायची. अण्णा त्या वेळी दाढी करत असत. त्यांनी तिला कधी हटकलं नाही आणि कधी घागरही उचलून दिली नाही. तेव्हा यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

मला भाऊ नव्हता. त्यामुळे असेल, किंवा माझा हातच तसा म्हणून असेल, अण्णांनी मला पटाशी धरायला शिकवली. मी सातवीत असेन. माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून ते म्हणायचे, "ढकलायची न्हाय, सुमे. लाकडाची शीर कुणीकडं जातीय ते आधी बघायचं, मग हात घालायचा." त्यांचा आवाज तेव्हा फार मऊ असायचा. हे चांगलं आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं मी रागानं लिहिणार आहे आणि त्या भरात हे राहून जाईल.

पहिला केला तो किल्लेदार, बोटाएवढा. दिवाळीच्या किल्ल्यावर बाजारातले मातीचे मावळे मांडायचे आणि दवात भिजून त्यांचे हात गळायचे, म्हणून मी लाकडाचा केला. त्याचं नाक कोरताना पटाशी घसरली आणि डाव्या नाकपुडीचा टवका उडाला. अण्णा म्हणाले, राहू दे, लढाईत उडाला म्हणायचं. मग गल्लीतल्या सगळ्यांनाच तसला हवा झाला. एकेक कोरत बसले असते तर जन्म गेला असता. अण्णांनी फौंड्रीतली बारीक काळी वाळू पिशवीतून आणली आणि दोन लाकडी चौकटींत साचा कसा घ्यायचा ते दाखवलं. धातू मिळाला शेजारून. माझी मैत्रीण जुबेदा, तिचे वडील हसनचाचा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. झिजून बोथट झालेले खिळे मालक मोडीत काढायचा. त्याला विचारून चाचा मूठभर खिळे पुडीत बांधून आणत. शेगडीवर लोखंडी पळीत ते ठेवले की बघता बघता त्याचं चकचकीत पाणी व्हायचं. त्या धुरात शिसं असतं हे आम्हाला कोण सांगणार. आम्ही पळीत वाकून वाकून बघायचो.

सैनिक झाले, पण खेळ नव्हता. तो जुबेदामुळे झाला. ती एका दुपारी गुडघ्यावर हनुवटी टेकून म्हणाली, "ह्ये नुस्तं हुबं ऱ्हाऊन काय करतंय गं? कटाळा येत नसंल त्यास्नी?" आम्ही दोघींनी जुन्या मेणकापडावर चौकोन आखले. मधे किल्ला, बाहेर ओढा, ओढ्याकडं उतरणारी एकच वाट. एकानं किल्ल्यात बसायचं, दुसऱ्यानं वेढा घालायचा. कवड्या टाकायच्या आणि पडेल तेवढं चालायचं. किल्लेदार, भालाईत, घोडेस्वार, हेर, प्रत्येकाची चाल वेगळी, जोर वेगळा. आणि एक गंगू. गंगू पाणी भरणारी. तिनं किल्ल्यातून उतरायचं, ओढ्यावर जायचं, घागर भरून परत चढायचं. तिची वाट अडली की किल्ल्यात दर पाळीला एक माणूस कमी. गंगूला मारता येत नसे, फक्त अडवता येई. हा नियम माझा. त्यामुळे सगळी लढाई शेवटी तिच्याभोवती यायची. मोठमोठे घोडेस्वार त्या एवढ्याशा बाईच्या मागं-पुढं धावायचे. तिची मान मी आईची केली. घागरीच्या भारानं किंचित कलती, एक हात वर, दुसऱ्या हातात निऱ्या. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "मला चपला न्हाईत व्हय गं?" मी पुढच्या गंगूला चपला घातल्या.

खेळाचं नाव आम्ही चढाई ठेवलं. दोन पावसाळ्यांत ती आमच्या गल्लीतून पलीकडच्या गल्ल्यांत गेली. मूर्ती एकाच साच्यातल्या, पण नंबरप्लेटा रंगवणाऱ्याकडून डब्याच्या तळाचा रंग मिळायचा आणि प्रत्येक जण आपल्या फौजेला वेगळं रंगवायचा. कुणाकडं निळ्या पागोट्याचा हेर, कुणाकडं पिवळ्या लुगड्याची गंगू. अदलाबदल चालायची, भांडणं व्हायची, एकानं गंगूसाठी भोवऱ्यासकट गोट्यांची पिशवी दिली. सुट्टीला गारगोटीहून आलेला कुणाचा तरी आतेभाऊ आख्खी फौज घेऊन गेला आणि पुढच्या सुट्टीला तिकडची चार पोरं खेळ शिकून घेऊन आला. रविवारी जुबेदाच्या अंगणात मेणकापड पसरलं की चाची चहाचं पातेलं बाहेरच आणून ठेवायच्या. मी कुणालाही मूर्ती देताना तिच्या बैठकीखाली दाभणानं 'सु' कोरायचे. मोठी कारागीर म्हणून नव्हे. कोरायला आवडायचं म्हणून.

माझा नातू असले खेळ खेळतो. परदेशातून डबे मागवतो, राक्षस, योद्धे, चेटकिणी, सगळं बोटाएवढं. मित्रांना घेऊन टेबलाभोवती तासन् तास बसतो. एकदा मी एक योद्धा उचलला तर म्हणाला, "आजी, जपून, त्याचा भाला मोडेल." मी ठेवून दिला. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला गेले की माझा आवाज चढतो, आणि मुलं म्हणतात, आई, एवढ्याशा गोष्टीचं किती दिवस.

एवढीशी गोष्ट अशी झाली. अण्णांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना मोठे आबा म्हणत असू. आजोबा लवकर गेले, आबांनी अण्णांना वाढवलं, फौंड्रीत त्यांनीच चिकटवलं. म्हणून अण्णा त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. आबा पांढरेशुभ्र कपडे घालून या कारखान्यातून त्या कारखान्यात ऑर्डरी मिळवून द्यायचे. एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि जुबेदाच्या अंगणातली गर्दी पाहून थबकले. उकिडवे बसून त्यांनी आख्खा डाव पाहिला. गंगू तळहातावर घेऊन विचारलं, "कुणी केलंय ह्ये?"

अण्णा म्हणाले, "सुमीनं. खेळ बी तिचाच." अण्णांचा चेहरा त्या वेळी मी पाहिलेला आहे. अभिमानानं फुललेला होता. म्हणजे कुणी केलं हे आबांना माहीत नव्हतं, असं कुणी मला आज सांगू नये.

थोड्या दिवसांनी मी शाळेतून आले तर बाकड्याखालचा बिस्किटांचा डबा जागेवर नव्हता. त्यात माझ्या मूळच्या लाकडी मूर्ती होत्या, ज्यांच्यावरून साचे घ्यायचे त्या. मी आईला विचारलं. ती चुलीकडं बघत राहिली. अण्णा घरी आल्यावर म्हणाले, "आबांनी नेल्यात. वडगावच्या एका शेठला दावायला."

"मला न इचारता?"

"आबांना काय इचारायचं असतंय?"

मला वाटलं, दाखवून परत आणतील. मला असंही वाटलं, आणि हे आठवलं की माझ्याच भोळेपणाचा मला संताप येतो, की शेठ मला बोलावेल. मी दोन वेण्यांना नवी रिबन आणून ठेवली होती.

दिवाळीच्या आधी जुबेदा धावत आली. महाद्वार रोडच्या दुकानातून तिच्या मामानं तिला खोका आणला होता. झाकणावर किल्ला, मोठ्या लाल अक्षरांत 'चढाई', आणि खाली बारीक अक्षरांत: कल्पना व रचना, विलास. विलास म्हणजे आबांचा मुलगा, माझ्याहून वर्षानं मोठा. तो आमच्यात एकदाच खेळला होता आणि हरायला लागल्यावर कवड्या उधळून निघून गेला होता. खोका उघडला. आत प्लास्टिकच्या मूर्ती, अर्ध्या हिरव्या, अर्ध्या लाल. शिरोली एमआयडीसीत बादल्या आणि पाण्याचे मग करणाऱ्या शेडमध्ये काढलेल्या. मी किल्लेदार उचलला. डाव्या नाकपुडीचा टवका उडालेला होता. माझी पटाशी घसरली होती ती खूण, प्लास्टिकमध्ये, कोल्हापुरातल्या दुकानादुकानांतून. आणि बैठका खालून गुळगुळीत.

जुबेदा खोका उलटा करून झटकत होती. "गंगू कुठाय गं?" ती म्हणाली. गंगू नव्हती. तिच्या जागी एक तोफ होती.

त्या रविवारी मोठ्या आबांकडं जेवण होतं. खेळ बाजारात आला म्हणून. पाहुणे, शेठ, पंगत. आई आणि काकी वाढत होत्या, रश्श्याचा वास माडीपर्यंत. विलासला मधल्या पाटावर बसवलं होतं. मी खोका घेऊन गेले आणि आबांच्या ताटासमोर ठेवला.

"ह्यातल्या मूर्ती मी केल्यात," मी म्हणाले. "विलासचं नाव का?"

आबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शेठकडं वळून म्हणाले, "आमच्या धाकट्याची पोरगी. लई हुशार हाय." मग माझ्याकडं. "अगं, पोरीच्या नावानं लढाईचा खेळ कोण घेतंय? आन् तू उद्या लगीन करून जाणार. नाव घरात ऱ्हायला नको? विलास काय परका हाय काय तुला?"

"मग गंगू का काढली?"

"पोरास्नी पाणी भरणारी बाई कशाला पायजे? तोफ पायजे. शेठनीच सांगितलं."

मी खोक्यातून तोफ काढून हातात घेतली. त्या दिवसापर्यंत मी ती नीट पाहिलीच नव्हती, रागाच्या भरात बाजूला टाकली होती. आता पाहिली. चाकांचे आरे सरळ, सारख्या अंतराचे. नळीच्या तोंडाला बारीक गोल कड, तिला पॉलिशपेपरचा शेवटचा हात उभा नव्हे, आडवा फिरवलेला. असा हात आख्ख्या उद्यमनगरात एकाच माणसाचा फिरायचा. माझ्या मुठीवर मूठ ठेवून त्यांनी मलाही तसाच शिकवला होता.

मी अण्णांकडं वळले. ते पंगतीच्या टोकाला, भिंतीला टेकून बसले होते. "अण्णा, तोफ कुणी केली?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि रश्श्यात बुडवला. वर पाहिलं नाही.

"अण्णा, मी इचारतीय."

"सुमे, आबांच्या पाया पड आन् आत जा," ते म्हणाले. "पावण्यांसमोर तमाशा नको."

मी पाया पडले नाही. तोफ त्यांच्या ताटाच्या कडेला ठेवली. कुणीतरी पुटपुटलं, लई शेफारलीया. तेव्हा आईनं हातातलं रश्श्याचं भांडं काकीकडं दिलं, पदराला हात पुसले आणि माझं मनगट धरलं. "चल," एवढंच म्हणाली. आम्ही दोघी न जेवता भर उन्हात चालत घरी आलो. तिनं पिठलं टाकलं. जेवताना ती म्हणाली, "डबा नेला तवा मीच आडवायला पायजे हुतं." मग ताटं उचलताना, "तोफंचं मला ठावं न्हवतं गं." मी तिच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते.

त्या रागाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. शाळेत जाता-येता दुकानांच्या काचेत खोके दिसायचे. बाईंनी वर्गात विलासचं कौतुक केलं, तुमच्याच घराण्यातला ना, म्हणून मला उभं केलं. मी उभी राहिले आणि काही बोलले नाही, तर उद्धट म्हणून परत बसवलं. अण्णा घरात नेहमीसारखे वागत होते, हेच मला सोसत नव्हतं. आबांचा लोभ मला समजत होता. ते तसेच होते. पण डबा अण्णांनी आपल्या हातानं उचलून दिला, आणि पुढं कित्येक संध्याकाळी फौंड्रीत थांबून, घरी काही न बोलता, गंगूच्या जागी बसेल अशी तोफ कोरली. घरी येऊन माझ्या हातचं पाणी प्यायले.

खोके आधी खपले आणि मग परत यायला लागले. पोरं म्हणायची, डाव संपतच नाही. संपणार कसा? पाणी तोडता येत नव्हतं, मग वेढा कशासाठी घालायचा? नुसत्या तोफा डागत बसायचं. शेठनं आबांना धरलं, आणि आबा आमच्या पडवीत आले. या वेळी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"ती पाणीवाली परत करून दे बाळ. आन् नव्या पाच-सा मूर्ती. नियम बी लिहून दे जरा नीट."

"खोक्यावर माझं नाव घाला."

"परत तेच?"

"माझं आन् जुबेदाचं. दोगींचं."

जुबेदाचं नाव ऐकून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी जे म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. भिंतीपलीकडं हसनचाचा होते आणि भिंत पातळ होती. मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर बाकड्यावर सागवानाचे तुकडे कापून, रंधा मारून, ओळीनं मांडलेले होते. पटाश्यांना नवी धार. अण्णा बाजूला उभे. "बस," ते म्हणाले. मी बसले. हात मांडीवर ठेवले. ते वाट पाहत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आईच्या चुलीतलं लाकूड तडतडलं, मी हात हलवला नाही.

"सुमे, माझी आब्रू राख. आबांना मी शब्द दिलाय."

"मला इचारून दिलाय काय?"

"बापाला इचारतीस?"

"तोफ चांगली करता की तुमी," मी म्हणाले. "ह्या बी तुमीच करा."

त्यांनी हात उगारला. मारला नाही. तो हात तसाच खाली आला आणि त्यांनी एकेक तुकडा उचलून पिशवीत भरला. मी पुन्हा त्या बाकड्याला कधी शिवले नाही. हे मी ठरवून केलं असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण पटाशी हातात घेतली की बोटं आखडायची. जुबेदानं किती वेळा पुडी आणून समोर ठेवली, तिच्यासाठी म्हणूनसुद्धा झालं नाही. माझ्या हातातलं जे गेलं ते नाव नव्हे. नावाचं दुःख मी केव्हाच गिळलं असतं.

शेठनं दुसरीकडून मूर्ती करवल्या, त्या ठोकळ्यासारख्या झाल्या, आणि एक-दोन दिवाळ्यांत चढाई बंद पडली. उरलेला माल शेडमध्ये परत वितळवून त्याच्या बादल्या काढल्या असं कुणी सांगितलं. मला आनंद झाला नाही. आबा गेले तेव्हा मी मातीला गेले नाही. त्यावरून बोलणी खाल्ली. परवा एका लग्नात विलास, आता तोही म्हातारा, पोरांना गोळा करून सांगत होता की पंधराव्या वर्षी आपण एक खेळ काढला होता, आख्ख्या जिल्ह्यात खपला. मी मागच्या खुर्चीवरून मोठ्यानं म्हणाले, "तू न्हाईस काढलास, विलास. मी काढला." त्याची सून मला म्हणाली, आत्या, सरबत घ्या. म्हातारी बाई, उन्हानं भडकली असणार, असंच सगळ्यांना वाटलं.

अण्णा शेवटी अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते. आई आधीच गेली होती. मी सासरहून त्यांचं करायला येऊन राहिले. उजवा हात गेला होता, तोच हात. मी त्यांना चमच्यानं पेज भरवायचे. एका दुपारी ते तोंड मिटून घेऊन माझ्याकडं पाहत राहिले. बोलणं जड झालं होतं, शब्द एकेक करून यायचे.

"सुमे," ते म्हणाले, "ती तोफ करताना मला कायबी वाटलं न्हवतं. आबा खूश व्हतील, एवढंच." डाव्या हातानं त्यांनी उजवा उचलून पोटावर घेतला. "आता वाटतंय."

पोरीनं अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. असू दे अण्णा, म्हणायचं. त्यांच्या डोळ्यांत तेवढ्याचीच वाट पाहणं होतं. मी चमचा वाटीच्या काठाला निथळला.

"आता वाटून काय उपेग," मी म्हणाले. "तोंड उघडा. पेज गार व्हतीय."

त्यांनी तोंड उघडलं.